भागीदारीच्या बातमीवर उसळलेला शेअर कसा वाचावा

दोन टेक कंपन्यांनी हातमिळवणी केली आणि शेअर उसळला, की आधी एक वजाबाकी करावी. समजा शेअर ६ टक्के वाढला, त्याच दिवशी निर्देशांक २ टक्के वर होता आणि शेअरचा बीटा (बाजार १ टक्का हलला की शेअर साधारण किती टक्के हलतो ते माप) १.५ आहे. म्हणजे ३ टक्के वाढ बाजारासोबत आलेली. बातमीच्या वाट्याला उरले ३ टक्के.

मग प्रेस रिलीज बाजूला ठेवून मूळ कागद उघडावा. अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीने नेहमीच्या व्यवहाराबाहेरचा मोठा बंधनकारक करार केला, तर चार कामकाजी दिवसांत एसईसीकडे, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाकडे, फॉर्म ८-के हा मोठ्या घडामोडी कळवायचा अर्ज भरावा लागतो. त्यातला आयटम १.०१ शोधा, असा करार तिथे नोंदवतात. नुसतं इरादापत्र असेल तर कुणालाच बांधून घेतलेलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हीडिया आणि ओपनएआयची १०० अब्ज डॉलरपर्यंतची घोषणा अशा इरादापत्रावरच होती.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पैसा कुणाकडून कुणाकडे जातोय? ६ ऑक्टोबर २०२५ ला चिप बनवणाऱ्या एएमडीचा शेअर सुमारे २४ टक्के चढला. ओपनएआय ६ गिगावॅट क्षमतेच्या (वीजवापराने मोजलेल्या) चिप्स घेणार, एवढंच बहुतेकांनी वाचलं. पण त्याच करारात एएमडीने ओपनएआयला १६ कोटी शेअरपर्यंतचे वॉरंट, म्हणजे ठरलेल्या दराने नवे शेअर घेण्याचे हक्क, दिले, प्रतिशेअर एक सेंट दराने. म्हणजे जुन्या भागधारकांचा हिस्सा साधारण दहा टक्क्यांपर्यंत पातळ होऊ शकतो. हे वॉरंट टप्प्याटप्प्याने मिळतात: पहिला टप्पा पहिल्या १ गिगावॅटच्या उभारणीनंतर, शेवटचा टप्पा एएमडीचा शेअर ६०० डॉलरला पोचल्यावर. शिवाय ग्राहकालाच दिलेल्या अशा वॉरंटची किंमत हिशेबात विक्रीतून वजा होते. विक्रीचा अंदाज बांधताना नेमकं हेच राहून जातं.

भागीदारीने शेअर पडतोही. ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून तिची विंडोज फोन ही प्रणाली स्वीकारली आणि शेअर सुमारे १४ टक्के घसरला. आपल्या फोनमधल्या जुन्या सिंबियन प्रणालीचे दिवस भरल्याचं कंपनीनेच सांगून टाकलं होतं, पण नवे ल्युमिया फोन बाजारात यायला वर्षअखेर उजाडली. मधल्या काळात जुना माल घ्यायचा कुणी?

ऑरेकलचं उलट. १० सप्टेंबर २०२५ ला एका दिवसात ३६ टक्के वाढ झाली, कारण हातातल्या करारांची शिल्लक (सही झालेली, पण अजून विक्रीत न उतरलेली रक्कम) ४५५ अब्ज डॉलरवर गेली होती. नोव्हेंबरात ती सगळी वाढ विरली. अशी शिल्लक दिसली, की ती किती ग्राहकांची आहे आणि पुढच्या १२ महिन्यांत तिच्यातली किती विक्रीत उतरणार, हे तिमाही अहवालात तपासा.