मुंबई ते हॅवलॉक एका दिवसात: जमतं, पण आम्ही परत करणार नाही

घरातून निघालो रात्री साडेबाराला आणि अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या रूमचं दार उघडलं दुपारी साडेचारला. सोळा तास. एवढ्यात माणूस युरोपात पोचतो, असं नवऱ्याने जेटीवर ऐकवलंच, आणि प्लॅन सगळा माझा असल्यामुळे मी गप्प बसले.

नावांचा घोळ आधी मिटवते. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आणि हॅवलॉकचं २०१८ मध्येच स्वराज द्वीप, पण आम्हाला भेटलेला प्रत्येक रिक्षावाला जुनीच नावं घेत होता म्हणून मीही तीच लिहिते. बुकिंग करताना दोन्ही नावं शोधून बघा.

तर, पहिली चूक माझी. मुंबई-चेन्नई आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर अशी दोन वेगळी तिकिटं काढली, का तर स्वस्त पडत होती. एकाच पीएनआरवर असतं तर बॅगा थेट पोर्ट ब्लेअरला गेल्या असत्या, इथे मात्र चेन्नईला पहाटे सहाला बेल्टवर उभं राहून बॅग घ्या, बाहेर या, परत गेटवर आधार दाखवा, परत काउंटरची लाइन, परत सिक्युरिटी. दोन तास होते म्हणून निभावलं, पण पहिलं विमान लेट झालं असतं तर दुसरी एअरलाइन आपल्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. वाचले किती ते सांगत नाही, लाज वाटते.

चेन्नईहून पुढची फ्लाइट तासभर उशिरा सुटली. इथून माझं घड्याळ बघणं सुरू झालं कारण दोनची फेरी होती आणि जेटीवर एक तास आधी या असं तिकिटावर छापलेलं. सव्वादोन तास खाली नुसतं पाणी, आणि मग एकदम गर्द हिरवे तुकडे, प्रत्येकाच्या कडेने फिक्या निळ्याची बारीक किनार, कुणीतरी ब्रशने ओढल्यासारखी. विंडो सीट घ्याच. नवऱ्याला उठवलं तर "हो हो, छान आहे" म्हणून परत झोपला.

पावणेबाराला उतरलो. वीर सावरकर विमानतळाचं नवीन टर्मिनल २०२३ चं आहे, मोकळं आणि सुटसुटीत, पण बॅगा यायला लागायचा तो वेळ लागतोच. आणि इथे दुसरा घोळ: हॅवलॉकच्या बोटी हड्डो आणि फिनिक्स बे अशा दोन जेट्यांवरून सुटतात, कुठली ते तिकिटावर नीट बघा. आमच्या ड्रायव्हरने विचारलं "कौन सी जेटी?" आणि मी फोनमध्ये पीडीएफ शोधतेय, तो उघडता उघडत नाही! चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आली, तेव्हापासून नेट सुधारलंय म्हणतात, तरी तिकिटाचे स्क्रीनशॉट आणि एक प्रिंट जवळ ठेवाच. ओळखपत्रही हाताशी असू द्या, आमचं जेटीच्या गेटवर परत बघितलं.

फेरी दीड तासाची, बंद एसी केबिनवाली. सरकारी बोट स्वस्त असते पण वेळ जास्त घेते आणि डिसेंबरात तिकीट मिळणं नशिबावर. नवऱ्याला मी गोळी देत होते तर म्हणाला, "अगं, अलिबागच्या बोटीत मला कधी काही झालंय का?" विसाव्या मिनिटाला त्याने माझ्या हातातली कागदी पिशवी न बोलता काढून घेतली. आम्ही हौसेने सगळ्यात पुढची सीट घेतली होती, आणि बोट सगळ्यात जास्त तिथेच आपटते. मधली किंवा मागची घ्या, खालच्या मजल्यावर. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. झोप येते त्याने, आणि कुठली गोळी ते निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता मला कुणी न सांगितलेली गोष्ट. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपास मावळतो. मी कागदावर लिहिलं होतं, "साडेपाच: राधानगर बीच, सनसेट". राधानगर जेटीपासून बारा किलोमीटर. रूमवर बॅगा टाकून, नवऱ्याला लिंबूपाणी पाजून, रिक्षा मिळवून पोचलो तेव्हा लोक पायाची वाळू झटकत परत निघाले होते. उजेड दहा मिनिटांचा मिळाला, तेवढ्यात पाय भिजवले. पाणी कोमट होतं हो, डिसेंबरात!

म्हणून सांगते, हातात पाच दिवस असतील तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. दुपारी सेल्युलर जेल बघा, रात्री झोपा, सकाळच्या फेरीने ताजेतवाने हॅवलॉकला जा, म्हणजे विमान तीन तास लेट झालं तरी बोट बुडत नाही (आपली म्हणते मी, तिकिटाची). हॅवलॉकला एटीएम मोजकीच आहेत, आम्ही गेलो त्यातलं एक बंद होतं, तेव्हा रोख पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा. आणि किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, न्यायला बंदी आहे आणि परतताना एअरपोर्टवर काढून घेतात. आमच्या पुढच्या काकूंनी बरणीभर गोळा केले होते, बिचाऱ्या.

दुसऱ्या दिवशी पाचलाच खिडकीत उजेड यायला लागला. नवरा स्वतःहून उठला, जे लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं, आणि आम्ही कालापत्थर बीचवर सूर्योदय बघायला गेलो. तिकडे जाताना एक आख्खा शंख रस्ता ओलांडत होता, आत बारका खेकडा, दिवा पडला की थांबायचा आणि पुढे गेला की परत चालायला लागायचा. रिक्षावाल्याने गाडी थांबवून त्याला जाऊ दिलं.