साउथ डब्लिन युनियनच्या रजिस्टरमध्ये पणजीची आई सापडली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतेय. सासरच्या वंशावळीत जी जागा अडून बसली होती ती सुटली एकदाची. नवऱ्याच्या पणजीची आई, जिच्याबद्दल घरात "ती लवकर गेली" याच्यापुढे कोणी बोलायचंच नाही, ती 1880 च्या दशकात साउथ डब्लिन युनियनच्या वर्कहाऊसमध्ये वारली, आणि तिचं शेवटचं बाळ पण तिथेच जन्मलं होतं.

ज्यांना वर्कहाऊस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 1838 च्या कायद्याने आयर्लंडभर गरिबांसाठी ही घरं बांधली, एका वर्कहाऊसच्या हद्दीतला भाग म्हणजे एक युनियन, आधी 130 युनियन होती आणि मोठ्या दुष्काळानंतर 163 झाली. आत गेलं की नवरा, बायको, मुलगे, मुली सगळ्यांचे वॉर्ड वेगळे, फक्त दोन वर्षांच्या आतलं मूल आईजवळ राहायचं. साउथ डब्लिनचं होतं तिथे आज सेंट जेम्सेस हॉस्पिटल आहे, लुआस ट्राम आवारातूनच जाते.

तर सुरुवात झाली मृत्यूच्या नोंदीपासून. आयर्लंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1864 पासूनची आहे आणि आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई वर 100 वर्षांहून जुने जन्म आणि 50 वर्षांहून जुने मृत्यू फुकट बघता येतात, नुसती इंडेक्स नाही तर मूळ पानाचा फोटो. पण जुन्या आयरिश मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांचं नाव नसतं, नवऱ्याचंही असेलच असं नाही, त्यात वर्कहाऊसमधला मृत्यू असला की खबर देणारा पण नातेवाईक नसतो, तिथलाच कोणीतरी कर्मचारी असतो. माझ्या हातात काय आलं तर नाव, "विवाहित", वय, धंदा लॉन्ड्रेस म्हणजे कपडे धुणारी, कारण क्षय, आजार दोन वर्षांचा. त्या नावाच्या आणि साधारण त्याच वयाच्या बायका डब्लिनमध्ये ढिगाने होत्या, त्यामुळे हीच आपली असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

मग रजिस्टरं उघडली. डब्लिनच्या वर्कहाऊसांची दाखल-सुटकेची रजिस्टरं नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि 1840 ते 1919 ची फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवर स्कॅन केलेली मिळतात. ज्यांनी अजून बघितली नाहीत त्यांनी खरंच बघा, एकेका माणसाच्या ओळीत काय काय असतं! वय, धर्म, कामधंदा, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, मुलं किती, दाखल होताना अवस्था कशी होती, राहायला कुठे, दाखल झाल्याची किंवा तिथेच जन्मल्याची तारीख आणि शेवटी बाहेर पडल्याची किंवा वारल्याची तारीख. राहण्याच्या जागेची चौकशी करायचे कारण त्या माणसाचा खर्च कुठल्या विभागाच्या माथी टाकायचा हे त्यावरून ठरायचं. पैशासाठी लिहिलेली ती माहिती आज आपल्याला सोन्यासारखी आहे, त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या चोपडीत गाव सांगितलं की घराणं निघतं ना, अगदी तसं.

तिच्या ओळीत पत्ता होता फ्रान्सिस स्ट्रीट. पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पण फ्रान्सिस स्ट्रीटच, आणि नवऱ्याचं नाव लग्नाच्या दाखल्याशी जुळलं. तीन कागद एका जागी आले तेव्हाच तिला वंशावळीच्या झाडात टाकली.

आणि तिच्या बरोबर खालची ओळ तिच्या बाळाची! धर्म आईचाच, कामधंद्याचा रकाना कोरा, तारखेपाशी "वर्कहाऊसमध्ये जन्म". उजवीकडे शेवटच्या कॉलममध्ये दोघींची बाहेर पडल्याची तारीख एकच. म्हणजे त्या खेपेला आई बाळाला घेऊन घरी गेली होती. मग बाळाचा सरकारी जन्मदाखला काढला तर त्यात वडिलांचं नाव व्यवस्थित आहे. पुढे बाळाचा मृत्यू पण मिळाला, तोही फ्रान्सिस स्ट्रीटच्या घरीच, कारण आकडी, आणि खबर देणारा बाप. सही येत नव्हती म्हणून नुसती फुली मारलीये, बाजूला रजिस्ट्रारने त्याचं नाव लिहिलंय. त्या फुलीकडे मी किती वेळ बघत बसले.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण घरात पिढ्यानपिढ्या समज होता की नवऱ्याने तिला टाकलं आणि म्हणून ती वर्कहाऊसमध्ये मेली. नुसता मृत्यूचा दाखला बघितला तर कोणालाही तेच वाटेल. पण 1862 च्या कायद्याने वर्कहाऊसचे दवाखाने निराधार नसलेल्या गरीब आजारी लोकांसाठी पण उघडले होते, त्यामुळे नंतरच्या काळात कित्येक गरीब बायका बाळंतपणाला किंवा आजारपणात तिथे जायच्या आणि परत घरी यायच्या. हिच्याही नोंदी अशाच येऊन-जाऊन आहेत, प्रत्येक वेळी थोडेच दिवस, आणि नवऱ्याचं नाव प्रत्येक ओळीत आहे. माझं स्पष्ट मत आहे की तिला कोणी टाकलं नव्हतं, घर शेवटपर्यंत होतं. सासूबाईंना स्क्रीनवर सगळं दाखवलं, त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला आणि पुढचा तासभर दोघी त्याच विषयावर.

जे कोणी असा शोध घेतायत त्यांना एकच सांगेन, वर्कहाऊसमधला जन्म किंवा मृत्यू मिळाला की तिथे थांबू नका, त्या नावाच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्या एन्ट्र्या काढा आणि बाहेर पडल्याची तारीख वाचल्याशिवाय पान बंद करू नका. आडनावाचं स्पेलिंग सैल ठेवा, आडनावाआधीचा ओ' कधी असतो कधी नसतो, आणि वयात चार-पाच वर्षांचा फरक आला तरी लगेच सोडून देऊ नका.

आता पणजी राहिलीये. आई गेली तेव्हा ती लहान होती आणि 1901 च्या जनगणनेत एकदम नोकरीला असलेली दिसते, मधली वर्षं गायब. 1881 आणि 1891 च्या जनगणनेचे कागद पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले, त्यामुळे तो रस्ता बंदच. आधी ग्लासनेविन स्मशानभूमीच्या नोंदींत आईचं दफन शोधणार, मग नॉर्थ डब्लिन युनियनच्या रजिस्टरमध्ये पणजी दिसते का बघणार. नॉर्थची रजिस्टरं कोणी वापरली असतील तर सांगा, मुलांच्या नोंदी पालकांशिवाय आल्या असतील तर तुम्ही कशावरून जुळवता?