हरताळाचा पिवळा ठिपका

वाईहून मुंबईला निघताना माझ्याकडे जपण्यासारखे एकच सामान होते आणि ते मी संपूर्ण प्रवासात मांडीवरून खाली ठेवले नाही. पणजोबांनी बोरूने लिहिलेली पोथी तांबड्या बासनात होती, बासन प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी माझ्या शालीत. श्रावण तोंडावर आला म्हणून देवघरातून पोथी काढली, तेव्हा कडांशी पाने तपकिरी होऊन तुटू लागलेली दिसली आणि माझा धीर सुटला. घाटात खोळंबलेली वाहने आणि पाऊस यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. मुंबईतल्या पहिल्या रात्रीविषयी मात्र आहे. उतरलो त्या लॉजच्या खोलीत पलंगालगतची भिंत छतापर्यंत ओली होती. दुसरी खोली मागितली, तर पावसाळ्यात सगळीकडे असेच असते, असे उत्तर मिळाले. माणसाला एक रात्र ओलीत काढता येते, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाचे काय, या काळजीने मी पोथी उशाशी घेऊन पंख्याखाली जागी राहिले.

सकाळी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात पोहोचले. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या या वास्तूची कोनशिला १९०५ साली बसली, पण लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी, कारण मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरात होती. शाळेच्या सहलीबरोबर मी इथे पूर्वी आले होते आणि घुमटाखालच्या दालनात मान वर करून उभी राहिले होते. या वेळी एका परिचितांच्या ओळखीने मला संग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्रात वेळ मिळाली होती. २००८ साली सुरू झालेल्या या केंद्रात संग्रहालयातल्या वस्तूंबरोबरच बाहेरून आलेल्या वस्तूंवरही काम होते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या खोलीतली शांतता अजून माझ्या कानात आहे. मोठ्या पांढऱ्या टेबलांवर दिवे वाकवलेले, एका कोपऱ्यात हवेतला दमटपणा मोजणारे यंत्र, आणि प्रत्येक टेबलाशी कोणीतरी इतके खाली वाकलेले की चेहरा दिसू नये. माझी पोथी ज्यांच्याकडे सोपवली गेली, त्या तिशीतल्या संवर्धक ताई होत्या. त्यांनी सर्वांत आधी प्लॅस्टिकची पिशवी बाजूला काढली आणि म्हणाल्या, "काकू, बासन सुती आहे ते फार चांगले आहे. पिशवीत मात्र परत घालू नका. आत दमटपणा कोंडतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते." ज्या पिशवीने मी पोथी पावसापासून वाचवली असे समजत होते, तीच तिला भोवली असती. मी काहीच बोलले नाही.

मग त्यांनी पाने एकेक करून उघडली आणि सहाव्या पानाशी थांबल्या. तिथे फाटलेल्या भागावर चिकटपट्टी होती, पिवळी पडून कडक झालेली. कोणी लावली, असे त्यांनी विचारले. ती मीच लावली होती, बारा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पूजेत पान फाटके दिसू नये एवढाच माझा हेतू होता आणि त्या वेळी मला आपण फार चांगले काम केले असे वाटले होते. त्यांनी मला दोष दिला नाही. घरांतून येणाऱ्या बहुतेक पोथ्यांवर ती असतेच, एवढेच त्या म्हणाल्या आणि भिंग डोळ्यांशी ओढून कामाला लागल्या.

पुढची चाळीस मिनिटे मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून होते. आधी त्यांनी काडीच्या टोकावर गुंडाळलेला कापसाचा बोळा जेमतेम ओलसर करून एका अक्षराच्या शेपटीला टेकवला. बोळ्यावर लगेच काळसर डाग उमटला. जुनी शाई काजळ आणि डिंक यांची असते. ती कागद खात नाही, पण पाण्याने सुटते, म्हणून इथे पाणी चालणार नाही, असा त्या डागाचा अर्थ होता. मग चाकूच्या पात्यासारखी एक पातळ पट्टी किंचित गरम करून त्यांनी ती चिकटपट्टीच्या कडेखाली सरकवली. श्वास रोखून केसभर पुढे जायचे, थांबायचे, भिंगातून पाहायचे आणि पुन्हा केसभर पुढे जायचे. वरचे प्लॅस्टिक सुटले तरी खालचा गोंद कागदाच्या धाग्यांत मुरलेला असतो आणि तो वेगळ्या द्रावकाने, तसाच कणाकणाने, काढावा लागतो. चाळीस मिनिटांत सुटली ती नखाएवढी जागा. माझ्या पोथीवर अशा पट्ट्या पाच होत्या.

फाटलेले पान मग सांधायचे कशाने, असे मी विचारले. त्यांनी एक वाटी पुढे केली. आत गव्हाच्या सत्त्वाची खळ होती. आजी पतंगाला लावायची तशीच दिसणारी, फक्त फार निगुतीने गाळलेली. तिच्याबरोबर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा जपानी कागद वापरतात, इतका विरळ की त्यातून हाताच्या रेषा दिसाव्यात. उद्या कोणाला यापेक्षा चांगला उपाय सापडला, तर आपण केलेली दुरुस्ती त्याला मूळ कागदाला धक्का न लावता काढता आली पाहिजे, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम आहे. इतके कष्ट घेऊन केलेले काम पुढच्या माणसाला सहज पुसता यावे अशी काळजी घेणारी माणसे मी याआधी पाहिली नव्हती.

सतराव्या पानावर पिवळा ठिपका दिसला. हळदीचा डाग असावा असे समजून मी बोट पुढे नेले, तर त्यांनी चटकन अडवले. तो हरताळ होता, आर्सेनिकचे संयुग, म्हणून त्याला हातमोज्यांशिवाय स्पर्श करायचा नाही. लिहिणाऱ्याचे अक्षर चुकले की त्यावर हरताळ फासून, वाळल्यावर वर बरोबर अक्षर लिहीत. हा शब्दप्रयोग मी जन्मभर वापरत आले आणि फासलेला हरताळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी पान प्रकाशपेटीवर ठेवले. खालून उजेड आला तसे पिवळ्या थराखालचे अक्षर अंधूक उमटले: खाली 'श' आणि वर 'स'. ज्यांचा फोटोही आमच्या घरी नाही, त्या पणजोबांचा हात तिथे क्षणभर चुकला होता आणि त्यांनी तो सावरला होता. माझे डोळे भरून आले, तेव्हा ताईंनी पान हळूच माझ्यापासून थोडे दूर सरकवले, आणि त्यांचे बरोबरच होते.

बाहेर आल्यावर लघुचित्रांच्या दालनात एक कुटुंब भ्रमणध्वनीचा झोत मारून फोटो काढत होते. उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि कधीच भरून येत नाही, म्हणून अशी चित्रे मंद प्रकाशात ठेवतात, हे मी नुकतेच ऐकले होते. मी त्यांना थांबवले. ते रागावले, पण थांबले.

दुपारी राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती पाहिला. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना साखळी तुटून त्याचे तुकडे झाले होते. ते पुन्हा जुळवून तो उभा केला आहे. एरवी मी त्याच्याशेजारून सरळ निघून गेले असते. आता सांधे शोधत त्याच्याभोवती दोनदा फिरले.

दुसऱ्या दिवशी, परतीच्या बसला अवकाश होता म्हणून, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेले. १९८५ साली सुरू झालेल्या या केंद्राच्या आवारात वाफेचे इंजिन आणि 'मारुत' हे भारतात बांधलेले लढाऊ विमान उभे आहे. दालनांत शाळेची मुले प्रत्येक बटण दहा वेळा दाबत होती. एका बंद पडलेल्या मांडणीचे झाकण उघडून एक तंत्रज्ञ जमिनीवर बसले होते. मी जवळ उभी राहिले, तसे त्यांनी झिजून गुळगुळीत झालेले बटण माझ्या तळहातावर ठेवले. अशा मांडण्या केंद्राच्या कार्यशाळेत बनतात आणि तिथेच दुरुस्तीला परत येतात. बटण झिजले म्हणजे मांडणी मुलांना आवडली, असे ते म्हणाले. पाच मिनिटांत नवे बटण बसले, दिवा लागला, आणि ते उठायच्या आत तीन हात त्यावर पडले.

पोथी मी केंद्रातच ठेवून आले आहे. काम काही महिने चालेल. बसमध्ये मांडी रिकामी होती, म्हणून ताईंनी दिलेला स्थितीचा अहवाल काढून वाचला. पानागणिक नोंद आहे: कुठे कसर लागली आहे, कुठे कोपरा झडला आहे, कुठे तेलाचा डाग आहे. 'पूर्वीची दुरुस्ती' अशा रकान्यात दोनच प्रकारच्या नोंदी आहेत. पान १७, ओळ ४ : हरताळ, लेखनकाळातील, तसाच राखावा. पाने ६, ७, १९, ३० व ३१ : चिकटपट्टी, अलीकडील, काढावी.