तुम्ही विचारलंत म्हणून : पुसायचंच, तर भिंतीवर का?

प्रदर्शन संपलं की गॅलरी भिंत पांढरी करणार हे माहीत असताना मी भिंतीवरच चित्र का काढते, कॅनव्हास का घेत नाही, हे मला इतक्यांदा विचारून झालंय की उत्तर पाठ झालंय. त्या पाठ उत्तराचा आता मलाच राग येतो.

ते उत्तर असं : चित्रकार नलिनी मालानींनी १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर रेखाटलं. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं हेळसांडीने नष्ट होत होती, त्याची बोच त्यामागे होती. शेवटी त्या भिंती रंगवून टाकल्या गेल्या. तिथे पुसण्यालाच अर्थ होता. मीही माझ्या टिपणात लिहिलं होतं, 'नाहीसं होणं हा चित्राचाच भाग आहे.'

ते लिहिणाऱ्या मला आज विचारावंसं वाटतं, तुझ्या भिंतीमागे कुठलं नाथद्वारा होतं?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बावीस फुटांची भिंत, एकोणीस दिवस, कोळसा आणि डिंकात कालवलेला गेरू. रविवारी शेवटचा दिवस, आणि आई त्या दिवशी कराडहून येणार होती. शुक्रवारी गॅलरीतून फोन आला : पुढच्या प्रदर्शनाचं सामान लवकर येतंय, शनिवारीच रंगारी लावू का? मी हो म्हटलं. आईने येणं तीनदा पुढे ढकललं होतं, या वेळीही ढकलेल असं धरून चालले. तिला फोन केला नाही.

ती आली. गेरू पहिल्या हाताला दबत नाही, पांढऱ्यातून गुलाबी वर येतो. म्हणून रंगारी रविवारी दुसरा हात मारायला आले होते. आईने माझं चित्र पाहिलं ते असं, डाग म्हणून.

दर दिवाळीआधी आमचं घर तीच रंगवायची, चुन्यात नीळ घालून. तिने आधी रंगाऱ्याला विचारलं, "पहिला हात नीट वाळू दिलात ना?" मग माझ्याकडे वळून, "इथं काय होतं?" मी सांगितलं, विहीर. "आणि इथं?" पायऱ्या. "ही कोण?" तू, मी म्हटलं. हात फिरवत मी अख्खी बावीस फूट भिंत तिला सांगितली. रंगारी रोलर खाली ठेवून थांबला होता. सगळं ऐकल्यावर तीच त्याला म्हणाली, "करा तुमचं काम." परतताना टॅक्सीत एवढंच, "मला कळवायचंस तरी."

गॅलरीवर मी बरेच दिवस चिडले होते. पण होकार माझा होता.

काहीजण अमेरिकन चित्रकार सॉल लविटचा दाखला देतात. १९६८ पासून तो भिंतींवर रेखाटनं करत होता. त्याच्या सूचना आणि आराखडा कागदावर राहतो, त्यावरून दुसरे लोक तेच रेखाटन पुन्हा काढू शकतात. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संग्रहालयात त्याची १०५ भित्तिरेखाटनं २००८ पासून आहेत, तो गेल्यानंतरही. माझ्या चित्राची सूचना लिहिता येत नाही. भिंतीचा पोपडा, ओल, कोपरा बघत रेघ वळते. वारली बायकांचा दाखला तर मी आता देतच नाही. त्या भिंतीवर काढतात तो चौक लग्नाचा, देवीचा. माझ्या भिंतीला उद्घाटन होतं, मानधनही होतं.

मग भिंतच का? कॅनव्हाससमोर माझा हात मनगटातून चालतो, भिंतीसमोर खांद्यातून. घोड्यावर, म्हणजे रंगाऱ्याच्या शिडीवर, चढून वरची रेघ ओढताना खालचं दिसत नाही, भरवशावर ओढावी लागते. तशी रेघ मला दुसरीकडे कुठेच आलेली नाही. एवढ्यासाठी पुसलं जाणं सोसावं का? त्या रविवारी नाही म्हटलं असतं. आजचं सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक भिंत आहे. आई या वेळी मी काढत असतानाच येणार आहे, चार दिवस राहायला. पुसण्याची तारीख मी करारात लिहून घेतली. कोणी पुसायचं, ती ओळ अजून कोरी आहे.