तुम्ही विचारलंत म्हणून : कोणता गजर घ्यावा?

माझ्याकडे जुनी गजराची घड्याळे दुरुस्तीला येतात हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे लग्नात भेटोत की मंडईत, मला एकच प्रश्न विचारतात : "मुलगा काही केल्या उठत नाही हो, त्याच्यासाठी कोणता गजर घेऊ?" उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून या खेपेला सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे असे की, आवाज किती मोठा आहे हे पाहून गजर घेऊ नये. तो बंद करण्यासाठी माणसाला अंथरूण सोडून काय करावे लागते, हे पाहून घ्यावा.

हे मी शिकले ते ताईमुळे. माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. 1984 साली तिला पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, आणि पहिल्या पाळीची कंपनीची बस पहाटे 5 वाजून 40 मिनिटांनी स्वारगेटला येत असे. आई तिला हलवून उठवायची, पण ताईला ते आवडत नसे. नोकरी आपली, बस आपली, तर उठणेही आपले आपण व्हावे, असे ती बाबांना खुणांनी पुन्हा पुन्हा सांगे. बाबा रविवार पेठेत एका घड्याळजीच्या दुकानात कामाला होते. चावीच्या टेबलघड्याळात दोन स्प्रिंगा असतात, एक घड्याळ चालवणारी आणि दुसरी केवळ गजराची, आणि दोन्हींच्या चाव्या पाठीमागे असतात. गजर वाजू लागला की ही दुसरी स्प्रिंग सुटत जाते, हातोडी घंटेवर ठोके देते आणि त्याच वेळी मागची चावी उलटी फिरू लागते. बाबांनी नेमके हेच हेरले. चावीच्या पाकळीला त्यांनी पक्का दोरा बांधला आणि त्याचे दुसरे टोक खिडकीच्या चौकटीतल्या एका सैल खिळ्याला बांधले. त्या खिळ्याला पावशेर हरभऱ्यांची पुरचुंडी ताईच्या पायांच्या बरोबर वर टांगलेली असे. पावणेपाचला गजर झाला की चावी दोरा गुंडाळून घेई, खिळा निसटे आणि पुरचुंडी तिच्या पायांवर पडे.

दुसऱ्याच आठवड्यात एके दिवशी घड्याळ हलके असल्यामुळे तेच दोऱ्याने ओढले जाऊन टेबलावरून सरकले, खिळा जागचा हलला नाही आणि ताईची बस चुकली. ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. त्या रात्री बाबांनी घड्याळ एका जाड पाटावर पत्र्याची पट्टी मारून घट्ट बसवले आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते हलले नाही.

पुढे वाचनात आले की, इंग्लंडच्या गिरण्यांच्या शहरांत कामगारांना उठवण्यासाठी पहाटे गल्लोगल्ली फिरणारी माणसे असत. आठवड्याला काही पेन्स घेऊन ती लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडक्या वाजवत, आणि पूर्व लंडनमधली मेरी स्मिथ नावाची बाई तर नळीतून वाळलेले वाटाणे काचेवर फुंकत असे. हरभऱ्यांना वाटाण्यांची अशी सोबत मिळालेली पाहून मला फार आनंद झाला. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एका गजराच्या घड्याळाचा जन्मही असाच एका माणसाच्या गरजेतून झालेला दिसतो. 1787 मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधील लेव्ही हचिन्स यांनी स्वतःसाठी केलेले घड्याळ पहाटे चारलाच वाजे, दुसरी कोणतीही वेळ त्यावर लावता येत नसे. हवी ती वेळ लावता येणाऱ्या यांत्रिक गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए यांनी 1847 मध्ये घेतले.

आता आजच्या वस्तूंकडे वळते. पळून जाणारे घड्याळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना गौरी नंदा यांनी ते बनवले, त्याचे नाव क्लॉकी, आणि 2005 चा अर्थशास्त्राचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा गमतीचा पुरस्कार, त्याला मिळाला. एकदा स्नूझ, म्हणजे गजर काही मिनिटे पुढे ढकलणारे बटण, दाबले की पुढच्या वेळी ते टेबलावरून खाली उडी घेते आणि दोन चाकांवर दिशा बदलत, आवाज करत खोलीभर धावते. ताईचा मुलगा कॉलेजात असताना त्याच्यासाठी मी ते मुद्दाम मागवले होते. पहिले सात दिवस तो दिवाणाखाली, ट्रंकांमागे हात घालून ते शोधत होता आणि त्या खटपटीत त्याची झोप खरोखर उडत होती. आठव्या रात्री त्याने ते घड्याळ घमेल्याखाली झाकून ठेवले. यात घड्याळाचा काहीच दोष नव्हता. ते मी निवडले होते, त्याने नाही. म्हणून मुलासाठी गजर विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी सांगते की, वस्तू कोणतीही घ्या, पण ती त्याने स्वतः पसंत केलेली असू द्या.

पायांनी बंद होणारे गजर मला सर्वांत अधिक पटतात. त्यांत एक छोटा गालिचा मिळतो; त्यावर काही सेकंद दोन्ही पायांनी उभे राहिल्याशिवाय तो गप्प बसत नाही. मोबाइलवर अलार्मी नावाचे कोरियन ॲप आहे, त्यात आदल्या दिवशी बेसिनचा फोटो नोंदवून ठेवला तर सकाळी बेसिनपर्यंत चालत जाऊन तोच फोटो काढावा लागतो. याच ॲपमध्ये गणिते सोडवण्याचीही सोय आहे, पण ती मी कोणाला सुचवत नाही, कारण गणित पडल्या पडल्या सोडवता येते. झोपेतून जागे झाल्यानंतरची पंधरा ते तीस मिनिटे मेंदू पुरता ताळ्यावर आलेला नसतो. त्या वेळात आडवे राहिलेले शरीर पुन्हा झोपेकडेच जाते. स्नूझमुळे नेमके हेच होते. 1956 मध्ये अमेरिकेत टेलेक्रॉन कंपनीच्या घड्याळावर ते बटण आले आणि त्याची नऊ मिनिटे आजही अनेक फोनांत कायम आहेत, पण त्या नऊ मिनिटांत धड झोप होत नाही आणि धड जागही येत नाही.

आवाजच हवा असेल तर तो कर्कश नसावा. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या 2020 च्या एका लहान पाहणीत, सुरेल गजराने उठणाऱ्यांनी गुंगी कमी वाटल्याचे सांगितले होते. आगीची सूचना देणाऱ्या भोंग्यांवरील संशोधनातही असे आढळले की, गाढ झोपेतल्या मुलांना सुमारे 3000 हर्ट्झच्या तीक्ष्ण शिट्टीपेक्षा 520 हर्ट्झचा भरदार, खालच्या पट्टीतला आवाज अधिक खात्रीने उठवतो. तेव्हा फोनमधली चिरकी धून बदलून पाहायला पैसे लागत नाहीत.

आगीवरून आठवले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आगीच्या वेळी उठवण्यासाठी वासाबी या तिखट जपानी चटणीचा झोंबणारा वास हवेत किती सोडावा, हे ठरवणाऱ्या जपानी संशोधकांना 2011 चा रसायनशास्त्राचा इग नोबेल मिळाला. ती बातमी मी ताईला सहज दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि मग कागदावर लिहून दिले की, इमारतीत आग लागली तर मला कोण उठवणार, हे मी तुम्हाला कधी विचारले नाही, पण रोज रात्री माझ्या मनात येते. तोवर आमच्यापैकी कोणाच्या हे ध्यानातही आले नव्हते. त्याच महिन्यात आम्ही तिच्या गादीखाली ठेवायची, जोराने थरथरणारी चकती आणली. ती वायरने गजराच्या घड्याळाला जोडलेली असते, म्हणून आग लागल्याचे ती सांगत नाही, पण गजराच्या वेळी गादीच नव्हे, पलंगही हलवते.

अशा थरथरणाऱ्या वस्तू ऐकू येणाऱ्यांनाही उपयोगी आहेत. सदाशिव पेठेत एका खोलीत चार-चार खाटा टाकून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले राहतात. एकाला चारला उठायचे असते आणि दुसरा अभ्यासिकेतून दोनला परतलेला असतो. त्यांच्यासाठी मनगटावर थरथरणारा पट्टा मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्याने शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडत नाही.

प्रकाशाबद्दल थोडेसे. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीत सात वाजून जातात, आणि शाळेची व्हॅन तर साडेसहालाच दारात उभी असते. डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारे शरीरातले मेलॅटोनिन हे द्रव्य ओसरते, म्हणून थंडीत अर्ध्या तासात हळूहळू उजळणारा दिवा खरोखर मदत करतो. तो महाग वाटत असेल तर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून प्लगला लावायचा साधा टायमर आणा आणि मुलाच्या उशाचा दिवा त्यावर लावा. प्रकाश एकदम येईल, पण अंधारात उठण्यापेक्षा ते बरे.

बाबांचे घड्याळ पाटासकट ताईकडेच आहे. ती आता चकतीवर उठते, पण त्या घड्याळाच्या चावीला दोऱ्याचा तुकडा अजून बांधलेला आहे. दर दोन वर्षांनी मी तेल घालायला घड्याळ उघडते, तेव्हा चावी काढण्यासाठी तो सोडावा लागतो, आणि मी गाठ पुन्हा बाबांसारखीच मारते की नाही, हे ताई शेजारी उभी राहून पाहत असते.