माकूल उघडून बघा, मग नर्व्हचा धडा कळतो

अकरावी सायन्सला नर्व्ह इम्पल्स, म्हणजे नसेतून सिग्नल कसा जातो ते, शिकवायचं म्हणजे काय, सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, ग्राफ काढा, पाठ करा, झालं. पण हे सगळं ज्या प्राण्यामुळे कळलं तो माकूल, म्हणजे स्क्विड, आमच्या बडोद्यातल्या बहुतेक पोरांनी जन्मात बघितलेला नसतो, आणि हे मला फार खटकतं. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली ह्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये, प्लिमथला, माकूलच्याच अ‍ॅक्सॉनमध्ये (सिग्नल वाहून नेणारा नर्व्हचा लांब धागा) इलेक्ट्रोड घालून आतलं व्होल्टेज मोजलं. काही जातींत हा अ‍ॅक्सॉन मिलिमीटरभर जाड असतो म्हणून ते जमलं, आपले तर मायक्रोस्कोपशिवाय दिसायचेही नाहीत. पुढे १९६३ ला नोबेल मिळालं ते ह्याच कामाचं.

म्हणून मी मुलांना माकूल उघडून दाखवते. मच्छी मार्केटात खायला येतो तोच, मुद्दाम मारलेला नाही. बेडूक कापणं मला कधीच पटलं नाही, कॉलेजांनाही यूजीसीने २०११ मध्ये डिसेक्शन हळूहळू बंद करा म्हणून सांगितलंच होतं. ज्यांच्या घरी मच्छी चालत नाही त्यांना आधीच विचारते (इथे असे बरेच), नको असेल तर नको, मार्कांचा काही संबंध नाही.

फनेलची (पाणी बाहेर सोडायची नळी) बाजू वर करून ट्रेत ठेवायचा आणि मॅन्टल (अंगाची मांसल पिशवी) मधोमध कापत जायचं, कात्रीचं टोक वर उचलून, नाहीतर शाईची पिशवी फुटते आणि सगळं काळं होतं. उघडलं की दोन्हीकडे गिल (कल्ले), प्रत्येक गिलच्या बुडाशी एक हृदय, मध्ये तिसरं. मादी असेल तर दोन जाड पांढऱ्या ग्रंथी सगळं झाकून बसलेल्या असतात, पोरं त्यांनाच अंडी समजतात, पण त्या अंड्यांचं आवरण बनवतात. एका मुलीने विचारलं, मॅडम, ह्याचं रक्त निळं ना, मग कुठाय? काय छान प्रश्न! हिमोसायनिन म्हणजे त्याच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन, त्यातलं तांबं ऑक्सिजन धरून असतं तेव्हाच निळं दिसतं, ऑक्सिजन सुटला की रंग गेला, मेलेल्यात शोधून सापडत नाही.

आणि मग मोबाईलचा टॉर्च मारून मॅन्टलच्या आतल्या भिंतीवर चांदणीच्या आकाराची गाठ शोधायची, गिलच्या जवळच, दोन्ही बाजूंना एकेक. तिच्यातून पांढरे दोरे फुटलेले दिसतात, ते जाड अ‍ॅक्सॉन ह्यांच्यातच. माकूलला आपल्यासारखं मायलिन (अ‍ॅक्सॉनवरचं वेष्टण, त्याने सिग्नल जोरात पळतो) नाही, मग सिग्नल जोरात पळवायचा तर दोरा जाड हवा, तो पोचला की अख्खं मॅन्टल एकदम आवळतं, पाणी फनेलमधून सुटतं आणि माकूल उलटा पळतो. हे दोरे चिमट्याने उचलून बघितलेल्या मुलाला मायलिन कशाला असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

कुणाला करायचं असेल तर एकच, मार्केटवाल्याला आधीच सांगा साफ करू नको, सवयीने ते आतलं सगळं काढून टाकतात. आणि आणला त्याच दिवशी उघडा, ठेवला की आतलं मऊ पडतं आणि दोरे सापडत नाहीत.