दसऱ्यानंतरचा दीड महिना

सरकारच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर मिळालेल्या एका पोराचा परवा फोन आला, म्हणाला दादा वर्षभर काय काय खायला घालू ते एकदा लिहून पाठवा. मी लिहायला बसलो आणि लक्षात आलं की बारा महिन्यांचं सगळं सांगता येईल पण खरी गोष्ट एका दीड महिन्याची आहे. ती मला फार महाग पडली, म्हणून तीच नीट सांगतो, बाकीचं जाता जाता.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निम्मं आयुष्य दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं यात गेलं. मी गावातच राहतो, ६२ मेंढ्या आहेत, दिवसा रानात आणि संध्याकाळी गव्हाणीला. जात दख्खनीच, पण नर फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेल्या सुवर्णा जातीचे आणले. त्यांच्यात बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक आहे. गारोळ एवढीशी, पण एका वेताला दोन-दोन कोकरं देते. त्या नरांच्या मुली कळपात आल्या, त्या व्यायला लागल्या आणि माझ्याकडं जुळी दिसायला लागली. गावात लोक बघायला यायचे. मी खूष होतो, पण एका कोकराची सवय असलेल्या कळपात आपण दोन कोकरं आणलीत आणि चारा मात्र तेवढाच घालतोय हे डोक्यात आलंच नाही.

आमचं वर्ष मे महिन्यापासून धरा. रानात काही नसतं, कडबा संपत आलेला असतो, तेव्हा बाभळीच्या शेंगा कामाला येतात. पोरं, बायका सगळे मिळून गोळा करायच्या, उन्हात वाळवायच्या, पोत्यात भरून ठेवायच्या. पावसाआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध, यात चालढकल करू नका. आणि प्रत्येक मेंढीच्या पाठीवर हात फिरवा, शेवटच्या बरगडीच्या मागं. मूठ आवळून बोटांची हाडं चाचपली तर जसं लागतं तसा कणा लागला तर मेंढी फार खंगलीय, आणि हात सरळ ठेवून त्याची पाठ चाचपल्यासारखं लागलं, म्हणजे हाड कळतंय पण टोचत नाही, तर ठीक. लोकरीमुळं नुसतं बघून काही कळत नाही, हात लावायलाच पाहिजे.

नर सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम मका भरडा. आप्पा म्हणायचे पाऊस पडून हिरवं तोंडाला लागलं की मेंढी फळते, ते हेच, फक्त माणमध्ये पाऊस वेळेवर येईल याचा भरवसा नाही म्हणून भरडा. २५-३० मेंढ्यांना एक नर. तोवर नरांच्या पोटाखाली फडकं बांधलेलं असतं, ते सोडायचं आणि छातीला तेलात कालवलेला गेरू चोपडायचा. नर ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर लाल डाग पडतो. गाभण राहिली नाही तर मेंढी १७ दिवसांनी परत माजावर येते, म्हणून पहिले १७ दिवस गेरू आणि पुढचे १७ दिवस नीळ. हे एवढंसं काम आहे पण दसऱ्याला त्याचा फायदा कळतो, कारण १५० दिवस मोजले की कोण कधी व्यायची ते वहीत असतं.

श्रावण-भाद्रपदात खाद्याची काळजी नाही, रान हिरवं असतं. तेव्हा जंत, चिखलानं सडणारे खूर आणि किराळ हे बघायचं. किराळ म्हणजे पावसानं ताण दिला की ज्वारीचे कोवळे पोंगे विषारी होतात, त्यात मेंढरं घुसली तर तासाभरात आडवी पडतात. डोळ्याची खालची पापणी ओढून बघत जा, लालसर असावी, पांढरी फटक दिसली तर जंत रक्त पितायत.

आता तो दीड महिना. पोटातलं कोकरू शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं, जन्माला येतानाच्या वजनातला निम्म्याहून कितीतरी जास्त भाग या सहा आठवड्यांतला असतो. म्हणजे गरज एकदम वाढते, आणि नेमकी त्याच वेळी दोन कोकरांनी पोटात जागा अडवलेली असते त्यामुळं मेंढीच्या पोटात कडबा मावत नाही. आणि आमच्याकडं गवत वाळायलाही तेव्हाच सुरुवात होते. मेंढी दिवसभर चरून आलेली दिसते, पोट मोठं दिसतं, आपल्याला वाटतं पोट भरलंय. भरलेलं नसतं.

त्या वर्षी मी कांद्याच्या लागणीत होतो. दिवाळीच्या आधीची गोष्ट, आप्पा म्हणाले, "आरं, त्या काळतोंडीनं कालपासनं रवंथ केला नाय." मी म्हटलं, "आप्पा, जड झालीय, व्यायला आली असंल." सकाळी बघतो तर वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला डोकं टेकवून उभी, दात करकर खातीय, हातात मका धरला तरी नाक पुढं करीना. मी तोंडाजवळ गेलो तर श्वासाला गोडसर वास, कुजक्या फळासारखा. डॉक्टर आले, म्हणाले पोटात जुळं आहे, खाणं कमी पडलंय, रक्तातली साखर उतरलीय आणि ती अंगातली चरबी जाळतीय. सलाईन लावलं, गुळाचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी गेली. पोट फाडून बघितलं तर दोन कोकरं, दोन्ही मादी, अंगावर लोकर आलेली, खूर पिवळे मऊ. नऊ दिवसांत अशा चार गेल्या. त्या चारही मीच वाढवलेल्या, आणि आजारानं नाही, माझ्या हिशोबानं मेल्या.

तेव्हापासून शेवटचे सहा आठवडे मी सोडत नाही. १०० किलोत मका भरडा ५०, शेंगदाणा पेंड २७, गव्हाचा कोंडा २०, मेंढ्यांचं मिनरल मिक्श्चर २ आणि मीठ १. गाई-म्हशींचं मिक्श्चर मेंढीला घालू नका, त्यात तांबं जास्त असू शकतं आणि मेंढीला ते सोसत नाही, हळूहळू साठत जातं आणि एक दिवस जनावर जातं. सुरुवात १०० ग्रॅमनं, आठवडाभरात ३०० वर न्यायचं, सकाळ-संध्याकाळ दोन भाग करून. एकदम घातलं तर पोटात आंबतं आणि तीच मेंढी दुसऱ्याच दुखण्यानं जाते. चाऱ्यात शेवरी, लसूणघास, तुरीचं भुसकट, म्हणजे थोड्या जागेत जास्त दम असलेलं. गव्हाणीला जागा मोकळी ठेवा, मी पाईप उभा चिरून केलीय, एका मेंढीला फूटभर तरी. नाहीतर दांडग्या खाऊन घेतात आणि जिला गरज असते ती मागं उभी राहते. याच काळात आंत्रविषाराचा बूस्टर द्यायचा, तो चिकातून कोकराला मिळतो.

व्यायल्यावर सड पिळून आतली चिकट गुठळी काढून टाकायची आणि तासाभरात चीक कोकराच्या पोटात गेला पाहिजे. जुळ्यातलं बारकं मागं राहतं, त्याला धरून पाजायचं. नाळेला आयोडीन. आप्पा आजही कोकरू पोत्यानं खसाखसा पुसून आईच्या नाकापाशी ठेवतात आणि ती चाटायला लागेपर्यंत हलत नाहीत. दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तोवर जुळंवालीला ५०० ग्रॅमपर्यंत खुराक आणि तिचा गट वेगळा, कारण एकुलतं पाजणारीला तेवढं लागत नाही. कोकरं दोन आठवड्यांची झाली की त्यांच्यापुरती बारकी फट ठेवून आत भरडा ठेवायचा. ९० दिवसांनी आईपासून तोडायची, त्याआधी तीन दिवस आईचा खुराक बंद, नाहीतर कास सुजते. मग नर कोकरं बाजारात आणि मेंढ्या ज्वारीच्या मोकळ्या रानात, तिथं त्यांनी अंग भरून घ्यायचं. लोकरीचं काही लिहीत नाही, कातरायचीच मजुरी निघत नाही आणि ते लिहायला बसलो की जीव तुटतो, घरात आजीनं वापरलेलं घोंगडं अजून आहे.

यंदा वहीत ४१ मेंढ्या लाल, १७ निळ्या आणि ४ बिनडागाच्या. त्या चारांना उगीच खुराक नाही, त्यांचं दिवाळीनंतर बघू. लाल ४१ ना उद्यापासून सुरुवात, पहिल्या दिवशी चार किलो लागेल आणि पुढं रोज बारा-सव्वाबारा. मका भरडून आणलाय, पेंड आत्ताच फोडून ठेवली. आप्पा दुपारपासून त्या पाईपच्या गव्हाणी धुतायत, त्यांना म्हटलं मी करतो, तर म्हणाले तू वही बघ.